कंस हलला की काय होते?

'सुंदर फुलांची बाग' म्हटले, तर सुंदर कोण? फुले की बाग? कोणते शब्द आधी जोडायचे यावर अर्थ ठरतो. भाषेच्या तासाला नेहमी येणारा हा प्रश्न गणितातही आहे, हे आपल्या कला शाखेतील मित्रांना कदाचित नवे वाटेल.

(२×३)×४ आणि २×(३×४) यांचे उत्तर २४च येते. हा साहचर्याचा नियम. वजाबाकी तो पाळत नाही: (१०−५)−२ म्हणजे ३, तर १०−(५−२) म्हणजे ७. मग ज्या बीजगणितात गुणाकारच हा नियम पाळत नाही, तेथे अनागोंदी माजणार काय?

सदिशांचा गुणाकार पाहू. परस्परांना लंब असे एकक सदिश क, ख, ग घ्या. क×ख=ग, ख×ग=क, ग×क=ख आणि क×क=०. आता (क×क)×ख हे शून्य होते, पण क×(क×ख) म्हणजे क×ग, म्हणजेच −ख. साहचर्य गेले! परंतु कोणत्याही तीन सदिशांसाठी क×(ख×ग)+ख×(ग×क)+ग×(क×ख)=० हा याकोबीचा नियम टिकतो. सोफुस ली या नॉर्वेजियन गणितज्ञाच्या नावाची बीजगणिते याच नियमावर उभी आहेत. संमिश्र संख्यांवरील सांत मितीच्या 'सरल' ली बीजगणितांची, म्हणजे ज्यांचे आणखी लहान घटक पडत नाहीत अशांची, चार अनंत कुळे व पाच अपवाद एवढेच प्रकार आहेत. किलिंगने सुरू केलेले हे वर्गीकरण कार्तानने १८९४ मध्ये पक्के केले.

दुसरे उदाहरण अष्टकांचे. १८४३ मध्ये हॅमिल्टनला चार मितींच्या संख्या सापडल्या. त्याच वर्षअखेरीस त्याचा मित्र ग्रेव्ह्ज याने आठ मितींच्या शोधल्या. पण १८४५ मध्ये केलीने त्या आधी छापल्या आणि नाव केलीचे झाले. येथे कोणत्याही दोन संख्यांच्या गुणाकारांत कंस कोठेही घाला, फरक पडत नाही. तिसरी आली की पडू शकतो. म्हणजे साहचर्य पुरते नाहीसे होत नाही, सौम्य होते.

पुंजयामिकीसाठी १९३४ मध्ये जॉर्डन, फॉन नॉयमान व विग्नर यांनी अभ्यासलेल्या जॉर्डन बीजगणितांत तर एकाच घटकाचे घात कंसाविना लिहिता येतात.

तात्पर्य, एक नियम सुटला म्हणजे सारे सुटले असे नाही. त्याच्या जागी कोणता नियम उरतो, हे ओळखले की त्या बीजगणिताचा सांगाडा हाती लागतो.