पद्मिनीचे ब्रेक, स्टिअरिंग आणि पाटे: आधी काय, मग काय

कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यात तयार झालेली पद्मिनी म्हणजे मुळात इटलीची फियाट 1100. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून ती ऑक्टोबर 2023 मध्ये बाद झाली, पण हौशी मालकांकडे अजून धावते. अशी गाडी घेतली की लगेच डिस्क ब्रेक आणि पॉवर स्टिअरिंगचे बेत सुरू होतात. माझं म्हणणं असं, की आधी ती कारखान्यातून निघाली तशी करून घ्या आणि चालवून बघा. बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात.

ब्रेक

चारही चाकांना ड्रम आहेत. घाट उतरताना ब्रेक दाबून धरला की ड्रम तापून फुगतो, शूपासून लांब जातो आणि पेडल खोल जातं. लायनरची पकडही तापल्यावर कमी होते. आधी ड्रम गोल आहे का ते बघा, शू अ‍ॅडजस्ट करा, व्हील सिलिंडरची रबरं आणि तडकलेले होज बदला. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नव्या डॉट 4 तेलाचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरल्यावर तो 155 पर्यंत उतरू शकतो. दर दोन वर्षांनी तेल बदलावं ते यासाठी.

खरी सुधारणा करायचीच, तर दुहेरी मास्टर सिलिंडर बसवा. जुन्या एकेरी रचनेत कुठेही गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक जातात. दुहेरीत निदान दोन चाकं धरतात.

पुढच्या डिस्कचा विचार त्यानंतर. डिस्कला पायाचा जोर जास्त लागतो, म्हणजे बूस्टर आला. ड्रमसाठीच्या मास्टर सिलिंडरमध्ये लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो डिस्कच्या लाइनवर तसाच राहिला तर पॅड सतत घासत राहतात. कॅलिपर 14 इंची रिमच्या आत मावतो का, हेही आधी मोजा. नुसता किट आणून बसवला, असं हे काम नाही.

स्टिअरिंग

सैल स्टिअरिंगचा दोष सगळे बॉक्सला देतात आणि वरचा स्क्रू आवळतात. ही घाई नको. बॉक्सची झीज मधोमध, म्हणजे सरळ चालण्याच्या जागी जास्त होते. तिथला प्ले घालवायला आवळलं, की पूर्ण वळणावर स्टिअरिंग अडकतं. एकाला स्टिअरिंग हलवायला सांगा आणि खाली वाकून टाय रॉडचे जोड, किंगपिन, आयडलर तपासा. जड स्टिअरिंगमागेही अनेकदा सुकलेलं ग्रीस किंवा कमी हवा असते.

सस्पेन्शन

पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. बसलेले पाटे आणि मेलेली रबर बुशं बदला. शॉकअप जोडीनेच बदला. गाडी खाली बसवण्याच्या फंदात पडू नका, आपल्याकडचे गतिरोधक तिला सोडणार नाहीत. रेडियल टायर मात्र जरूर घ्या, चारही एकदम, आणि अलाइनमेंट नव्याने करा.

कागदपत्रं

2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण गाडी मूळ रूपात हवी. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात बदल चालत नाही. शिवाय अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. डिस्क किंवा पॉवर स्टिअरिंगवर पैसे घालण्याआधी आरटीओत विचारून घ्या, आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग जपून ठेवा.