फौजदारी खटल्यांचे अभिलेख : महाड-पोलादपूरच्या नागरिकाने ते कोठे व कसे पाहावेत?

न्यायदान उघड्या न्यायालयात व्हावे, हे आपल्या न्यायव्यवस्थेचे एक मूलतत्त्व होय. फौजदारी न्यायालयाची जागा ही सर्वसामान्य जनतेला खुली असलेली जागा समजली जाईल, असे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने सांगितले होते. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही ते तत्त्व कायम ठेवले आहे. मात्र सुनावणी संपली, माणसे पांगली, की खटल्याचे पुढे काय झाले हे गावाच्या स्मरणावर राहते. आणि गावाचे स्मरण हे अनेकदा अर्धवट असते. अमक्यावर केस झाली होती, एवढे लोकांच्या ध्यानात राहते. तो निर्दोष सुटला, हे राहत नाही. सरपंच, पोलीस पाटील, शिक्षक किंवा ग्रामसेवक यांच्यापुढे असा प्रश्न येतो, तेव्हा ऐकीव माहितीपेक्षा न्यायालयाच्या कागदाचाच आधार घेतला पाहिजे.

निकालाचा कागद का हवा?

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ मध्ये पंचायतीच्या सदस्यत्वास अपात्र ठरविणारी कारणे दिलेली आहेत. एखाद्या अपराधाबद्दल सहा महिने किंवा त्याहून अधिक कारावासाची शिक्षा झालेली व्यक्ती सुटकेनंतर सामान्यतः पाच वर्षे अपात्र राहते. अस्पृश्यताविषयक व दारूबंदीविषयक कायद्यांखालील दोषसिद्धीसाठी वेगळी तरतूद आहे. या तरतुदींत 'दोषसिद्धी' हा शब्द महत्त्वाचा आहे. गुन्हा नोंदविला जाणे, अटक होणे किंवा दोषारोपपत्र दाखल होणे यांपैकी कोणतीही गोष्ट म्हणजे दोषसिद्धी नव्हे. एका कागदाच्या अभावी पात्र माणसावर अन्याय होऊ शकतो, तसाच अपात्र माणूस निवडूनही येऊ शकतो.

खटल्याचा प्रवास

अभिलेख शोधावयाचा तर खटला कोणत्या वाटेने जातो हे आधी समजून घ्यावे लागते. पहिली नोंद पोलीस ठाण्यात होते. या भागात महाड शहर, महाड तालुका, महाड औद्योगिक वसाहत व पोलादपूर अशी पोलीस ठाणी आहेत. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच गुन्हा रजिस्टर नंबर पडतो. हा नंबर, त्याचे वर्ष व पोलीस ठाण्याचे नाव या तीन गोष्टी म्हणजे पुढील सर्व शोधाची किल्ली होय.

तपासानंतर दोषारोपपत्र त्या हद्दीच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे दाखल होते आणि तेथे खटल्यास स्वतंत्र क्रमांक मिळतो. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा देता येते. खून, दरोडा यांसारखे गंभीर गुन्हे केवळ सत्र न्यायालयात चालतात. अशा वेळी दंडाधिकारी ते प्रकरण सत्र न्यायालयाकडे वर्ग करतात. रायगड जिल्ह्याचे मुख्य सत्र न्यायालय अलिबागला आहे. माणगाव येथेही सत्र न्यायालय बसते. त्यामुळे पोलादपूर ठाण्यात नोंदलेल्या खुनाच्या गुन्ह्याचा निकाल तालुक्यात शोधून सापडणार नाही. तेथे फक्त प्रकरण वर्ग केल्याची नोंद मिळेल. अपिलाचेही तसेच आहे. दंडाधिकाऱ्यांच्या शिक्षेविरुद्धचे अपील सत्र न्यायालयात आणि सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्धचे अपील मुंबई उच्च न्यायालयात जाते. खालच्या न्यायालयाने दिलेली शिक्षा वर रद्द झाली असेल, तर केवळ पहिला निकाल पाहणारा फसतो.

महाडचेच उदाहरण

कागदाचा माग एका न्यायालयातून दुसऱ्या न्यायालयात कसा जातो, याचे उत्तम उदाहरण महाडच्याच इतिहासात आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्या अनुयायांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यानंतर सत्याग्रहींवर हल्ला झाला. त्या हल्ल्याबद्दल फौजदारी खटला झाला व काही हल्लेखोरांना शिक्षा झाली. पुढे तळे खासगी मालकीचे असल्याचा दावा करून काही नागरिकांनी महाडच्या न्यायालयात दिवाणी दावा लावला. १४ डिसेंबर १९२७ रोजी तात्पुरता मनाई हुकूम निघाला, तो २३ फेब्रुवारी १९२८ रोजी उठला आणि ८ जून १९३१ रोजी दाव्याचा निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला. त्यावरील अपील ठाण्याच्या न्यायालयाने १९३३ मध्ये फेटाळले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. घटना एका गावातली असली, तरी फौजदारी व दिवाणी असे दोन मार्ग झाले, आणि त्यांतील एका दाव्याचेच कागद महाड, ठाणे व मुंबई अशा तीन ठिकाणी झाले. शिवाय तेव्हाचा कुलाबा जिल्हा १ जानेवारी १९८१ पासून रायगड या नावाने ओळखला जातो. जुन्या नोंदी पाहणाऱ्याने हे नावही ध्यानात ठेवावे.

शोध कसा घ्यावा?

आज प्रारंभिक शोध घरबसल्या घेता येतो. ई-न्यायालय प्रकल्पाच्या संकेतस्थळावर जिल्हा व न्यायालय निवडून पक्षकाराचे नाव, खटल्याचा क्रमांक किंवा गुन्हा रजिस्टर नंबर यांवरून प्रकरण पाहता येते. प्रत्येक प्रकरणास सोळा अक्षर-अंकांचा एक कायम क्रमांक दिलेला असतो. तो लिहून ठेवल्यास पुढील शोध सुकर होतो. पुढील तारीख, प्रकरणाची अवस्था आणि अनेक प्रकरणांत आदेश व निकालही तेथे विनामूल्य पाहावयास मिळतात. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ सप्टेंबर २०१६ च्या निर्णयानुसार, संवेदनशील गुन्हे वगळून, प्रथम खबरी अहवालही पोलिसांच्या संकेतस्थळावर ठेवावे लागतात.

तथापि, जुनी प्रकरणे संगणकावर असतीलच असे नाही, आणि पडद्यावर दिसणारी माहिती ही प्रमाणित नक्कल नव्हे. शासकीय कामासाठी नक्कल हवी असल्यास ज्या न्यायालयात मूळ कागद आहे, त्याच्या नक्कल विभागात अर्ज करावा. अर्जात खटल्याचा क्रमांक व वर्ष, पक्षकारांची नावे, निकालाची तारीख व हवा असलेला कागद (निकालपत्र, साक्ष, रोजनामा किंवा आदेश) स्पष्ट लिहावा आणि कोर्ट फी स्टँप लावून नकलेचा आकार भरावा. आरोपीला कारावासाची शिक्षा झाली असल्यास त्याला निकालाची एक प्रत विनामूल्य मिळते. निकालाचा ज्याच्यावर परिणाम होतो, त्याला शुल्क भरून नक्कल मिळू शकते. खटल्याशी संबंध नसलेल्या व्यक्तीला उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणे अर्ज करावा लागतो. तिने आपले प्रयोजन अर्जातच नमूद करणे इष्ट. अशा नकला माहितीच्या अधिकाराखाली न मागता न्यायालयाच्या नियमांनुसारच मागाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी स्पष्ट केले आहे.

महाड हे सावित्रीकाठचे गाव. जुलै २०२१ च्या महापुरात अनेक घरांतील कागदपत्रे पाण्यात गेली. कोणाची निर्दोष सुटकेची नक्कल अशी नष्ट झाली असल्यास त्याने निराश होऊ नये. मूळ अभिलेख उपलब्ध असल्यास नवी प्रमाणित नक्कल मिळते. मात्र न्यायालयातील कागदही ठराविक मुदतीनंतर नियमानुसार नष्ट केले जातात, म्हणून विलंब करू नये.

मर्यादा व दक्षता

सर्वच अभिलेख सर्वांसाठी खुले नाहीत. बलात्काराच्या खटल्यांची सुनावणी बंद न्यायालयात होते. पीडित व्यक्तीची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. विधिसंघर्षग्रस्त बालकांची ओळखही गुप्त ठेवावी लागते. शिक्षकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

दुसरी दक्षता नावाची. कोकणात एकाच वाडीत एकाच नावा-आडनावाच्या दोन-तीन व्यक्ती सहज आढळतात. वडिलांचे नाव, वय व गाव जुळल्याखेरीज कोणत्याही नोंदीवरून निष्कर्ष काढू नये. पोलादपूरच्या खेड्यांतून कामधंद्यासाठी मुंबईस गेलेल्यांची संख्या मोठी आहे. त्यांच्यासंबंधीचे प्रकरण मुंबईच्या न्यायालयातही असू शकते.

तिसरी दक्षता निकालाच्या अर्थाची. आरोपमुक्ती, निर्दोष मुक्तता, तडजोड, खटला मागे घेणे व दोषसिद्धी हे सर्व वेगवेगळे शेवट आहेत. निकालपत्राचा शेवटचा परिच्छेद वाचावा आणि त्यावर अपील झाले काय, याची खात्री करावी. कागद समजत नसल्यास वकिलाचा किंवा तालुका विधी सेवा समितीचा सल्ला घ्यावा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती व इतर पात्र नागरिकांना विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली विनामूल्य विधी सहाय्य मिळते.

अभिलेख खुले ठेवण्याचा हेतू कोणाची बदनामी करणे हा नसून सत्य पडताळून पाहता यावे, हा आहे. ग्रामसभेत एखाद्याच्या चारित्र्याविषयी शंका निघाली, तर आवाज चढविण्याऐवजी निकालाची प्रमाणित नक्कल पुढे ठेवली जावी. दोषी कोण हे त्या कागदावरून ठरते, आणि निर्दोष माणसाला गावात ताठ मानेने वावरता येते तेही त्याच कागदाच्या बळावर.