तण लावणारी भाची

शिर्डीला दर्शन झालं, की माझी पावलं बहिणीच्या पेरूच्या बागेकडे वळतात. या खेपेला दाजी खुरपं घेऊन बसलेले, चेहरा उतरलेला. भाची पुण्यात संशोधन करते. कशावर? तर अरॅबिडॉप्सिस नावाच्या तणावर!

"आमचा जन्म तण काढण्यात गेला, अन् ही तण लावती. लोकांना काय सांगू?"

मोहरीच्या कुळातलं हे वीतभर रोप. थंड मुलखातलं, पांढरी, चिमुकली फुलं. खायला नाही, विकायला नाही. पण पेरल्यापासून सहा-सात आठवड्यांत पुन्हा बी हातात! पेरूच्या तीन पिढ्या बघायच्या तर दहा वर्षं कुठंच गेली नाहीत. २००० साली वनस्पतींत सर्वांत आधी संपूर्ण जनुकलिपी वाचून झाली ती याचीच. जनुकं २५ हजारांच्या आसपास.

"दादा, बहार धरायला तुम्ही बागेला ताण देता. पण फुलायची वेळ झाडाला कळते कशी?"

दाजी गप्प.

दिवस लांबला हे पान ओळखतं, हे जुनंच. पण शेंड्यापर्यंत निरोप नेतं कोण? १९९९ साली या तणात ते जनुक हाती लागलं. २००७ साली त्याचं प्रथिनच निरोप्या असल्याचं दिसलं. भातातही त्याचा भाऊबंद निघाला. पेरूचं कोडं निराळं, हेही तिनं सांगून टाकलं. मला तेच अधिक आवडलं.

दाजींनी खुरपं बाजूला ठेवलं. "पाणी किती लागतं गं त्याला?"