चुकीच्या वेळी उघडणारं फाटक

घाटनांदूरच्या स्टेशनाजवळ सकाळचा पहिला चहा उकळत असतो, तेव्हाच कुणीतरी छाती चोळत म्हणतं, "पित्तानं रात्रभर झोपू दिलं नाही बघ." आणि लगेच कडक चहा सांगतं.

पित्त हा आपला फार सोशिक शब्द. अंगावर गांधी उठल्या तरी पित्त, डोकं ठणकलं तरी पित्त, आणि राग आला की खवळतं तेही पित्तच. खरं पित्त मात्र यकृतात तयार होतं, चवीला कडू असतं आणि जठराच्या पुढे, लहान आतड्यात उतरतं. छाती जाळतं ते बहुतेक वेळा जठरातलं आम्ल. हा आंबटपणा जुन्या वैद्यांनी नेमका हेरला होता. 'माधवनिदाना'त अम्लपित्ताचं स्वतंत्र प्रकरणच आहे. हे आम्ल कोणतं, ते लंडनच्या विल्यम प्राउट यांनी १८२४ साली छापून सांगितलं: हायड्रोक्लोरिक ॲसिड. संडास घासायला आपण बाटलीतून आणतो, त्याच जातीचं!

ते तयार करणाऱ्या पेशी जठराच्या अस्तरातच बसलेल्या असतात. त्यांच्यात सूक्ष्म पंप असतात. रक्तात आम्लाचे कण जितके, त्याच्या दहा लाखपटींहून जास्त ते पलीकडच्या बाजूला दाबून भरतात. विहिरीवरच्या मोटारीला हे ऐकून घाम फुटावा. जठर स्वतः मात्र जळत नाही, कारण त्यावर बुळबुळीत थराचा लेप असतो आणि अस्तराच्या पेशी काही दिवसांत बदलत राहतात. अन्ननलिकेला असा जाड लेप नाही. तिचं मुख्य संरक्षण खालच्या टोकाच्या स्नायूच्या एका कड्यावर.

हे कडं म्हणजे रेल्वेचं फाटक समजा. घास आला की उघडायचं, एरवी बंद. पण घास नसतानाही ते अधूनमधून सैल पडतं, कारण पोटातली हवा ढेकर होऊन बाहेर पडायला हवी. हे सगळ्यांचंच होतं, जेवणानंतर जास्त. कुणाच्या बाबतीत मात्र हवेबरोबर आम्लही वर चढतं. म्हणून "पित्त वाढलं" हे निदान बऱ्याचदा फसवं असतं. जळजळ होणाऱ्या अनेकांचं आम्ल नेहमीइतकंच असतं. ते भलत्या जागी पोचलेलं असतं, एवढंच.

आता आमच्या जिल्ह्यातला ऊसतोडीचा दिवस आठवा. दिवाळीच्या आसपास नवरा-बायकोची जोडी, म्हणजे 'एक कोयता', कारखान्याच्या वाटेला लागते. अंधारात उठणं, उपाशीपोटी चहा, तंबाखूची चिमूट किंवा मिश्री, मग तासन्‌तास कमरेत वाकून तोडणी. तंबाखूतलं निकोटिन ते कडं सैल करतं आणि वाकल्यानं पोटावर दाब येतो. रात्री उशिरा भाकरी-ठेचा खाऊन लगेच आडवं होणं. ठेच्याला उगाच एकट्याला आरोपी करू नका. तो कुणाला बाधतो, कुणाला नाही. अंगदुखीच्या गोळ्या रोज घेतल्या जातात, त्या मात्र जठराचा लेपच कमकुवत करतात, हे जास्त घातक.

आम्ल कमी करणारं ओमेप्रॅझोल हे औषध १९८८ साली बाजारात आलं. त्याचा चमत्कार असा, की कॅप्सूलमधले लेप दिलेले दाणे जठरातून तसेच पुढे जातात, औषध आतड्यातून रक्तात शिरतं, अंगभर फिरतं आणि जागं होतं ते फक्त आम्ल गाळणाऱ्या पेशींच्या नळ्यांत. तिथे ते पंपालाच चिकटून बसतं. पंप चालू असताना ते हाताशी हवं, म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची; आग पेटल्यावर घेतली तर तेवढा उपयोग नाही. फाटक मात्र ही गोळी दुरुस्त करत नाही. थंड दुधानं घटकाभर बरं वाटतं, पण पुढे ते आम्ल आणखी सुटायला लावतं. वर्षानुवर्षं मनानंच पाकिटं फोडण्यापेक्षा डॉक्टरांना एकदा दाखवावं. घास अडकतो, वजन उतरतं, शौचाला काळं डांबरासारखं होतं, तेव्हा तर अजिबात थांबू नये. छातीवर दाब, घाम, हात किंवा जबडा दुखणं हे पित्त समजून सोडा पिणं म्हणजे जिवाशी खेळ. तेव्हा थेट अंबाजोगाईचं सरकारी रुग्णालय गाठावं.

बाकीचे उपाय साधे आहेत. झोपण्याआधी तीन तास जेवण उरकावं, पोट सुटलं असेल तर वजन उतरवावं, तंबाखू सोडावी. डाव्या कुशीवर झोपलं की जठराचा फुगीर भाग फाटकाच्या खाली राहतो. नुसत्या उशा रचल्या तर माणूस कमरेत मोडतो आणि दाब उलट वाढतो. त्यापेक्षा आमच्या मामीनं बाजेच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली विटा सारल्या, सहा-सात इंच. शेजारीण म्हणाली, "बाज तिरकी कशानं झाली?" मामी म्हणाली, "रानाला देतो तसा उतार दिलाय."