कवट्या, नाकं आणि छापील पान

गैरसमज : विज्ञानातला वंशवाद हा भोंदू लोकांचा उद्योग.

तो नामांकित संस्थांतून आला. 1927 साली बर्लिनमध्ये मानववंशशास्त्राची कैसर विल्हेल्म संस्था निघाली. तिचे संचालक ऑयगेन फिशर. त्यांनी सहलेखन केलेलं आनुवंशिकतेचं पुस्तक विद्यापीठांत पाठ्यपुस्तक म्हणून मान्य होतं आणि नाझींच्या वंशशुद्धीला त्यातून आधार मिळाला. याच फिशर यांच्या हाताखाली मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी पीएचडी केली.

गोऱ्या युरोपियनांची बुद्धी वरचढ, म्हणून त्यांच्या कवटीच्या दोन बाजू असमान असणार, असं फिशर यांचं गृहीतक होतं. इरावतीबाईंनी 149 कवट्या मोजल्या. असमानतेचा वंशाशी काही संबंध दिसला नाही आणि तसंच त्यांनी प्रबंधात लिहिलं. ज्यांच्या हाती आपली पदवी, त्यांच्याच गृहीतकाविरुद्ध पंचविशीतल्या एका परदेशी विद्यार्थिनीने हे लिहिलं. मला हा प्रबंध त्यांच्या महाभारतावरच्या ‘युगान्त’ या पुस्तकाइतकाच मोलाचा वाटतो.

गैरसमज : मोजमाप चोख असलं की पूर्वग्रह उरत नाही.

मोजपट्टी लावण्याआधी माणसांचे गट पाडलेले असतात. पूर्वग्रह तिथेच शिरतो. भारतात परतल्यावर इरावतीबाईंनीही जातींची शरीरमापं घेतली आणि त्या चौकटीवर आज अभ्यासक योग्य टीका करतात.

गैरसमज : हा गोऱ्या-काळ्यांचा प्रश्न, आपला नव्हे.

1901च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांचा सिद्धान्त होता की नाक जितकं रुंद, तितकी जात खालची. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1948 साली ‘द अनटचेबल्स’मध्ये नाकांच्या मापांचेच आकडे मांडून अस्पृश्यतेचं मूळ वंशभेदात नाही, हे दाखवलं. त्याआधी, 1917 साली, जातींच्या उत्पत्तीवरचा त्यांचा निबंध ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला होता. ज्यांना तोवर फक्त मोजलं जात होतं, त्यांच्यातलाच एक जण आता सिद्धान्त मांडत होता. संशोधनात समावेश म्हणतात तो हाच.

गैरसमज : समावेश म्हणजे दर्जात सूट.

उलट, कसोटी कडक होते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या ‘जामा’ नियतकालिकाने 2021 साली लेखकांना मार्गदर्शक सूचना दिली: रुग्णांचा वंश नोंदवला असेल, तर तो कुणी ठरवला आणि कशासाठी नोंदवला, हे सांगा. ‘नेचर’मध्ये 2015पासून लेखकाचं नाव परीक्षकापासून झाकून ठेवण्याचा पर्याय आहे. त्यामुळे आडनाव किंवा विद्यापीठाचा पत्ता पाहून मत बनवायला वाव कमी राहतो.

पैशाची भिंत मात्र उभीच आहे. त्याच ‘नेचर’ने 2020 साली सर्वांना मोफत वाचता येणारा लेख छापण्याचं शुल्क 9,500 युरो जाहीर केलं. आपल्याकडच्या संशोधक विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या शिष्यवृत्तीहूनही ही रक्कम मोठी आहे, आणि लेखाच्या गुणवत्तेशी तिचा काडीचाही संबंध नाही.