सुई दहा नंबरची, हात सैल

विणकामाच्या सुयांचे नंबर उलटे चालतात. आठ नंबरची सुई जाड, दहाची तिच्याहून बारीक, बाराची आणखी बारीक. लोकरीच्या दुकानात बहुतेकांचा यावर गोंधळ उडतो. मला मात्र जुना ओळखीचा माणूस भेटल्याचा आनंद झाला. माझी सगळी नोकरी नाशकात, सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर गेली. तिथे तारेचा गेज असाच असायचा, आकडा वाढला की तार बारीक. घरी येऊन सुया व्हर्नियरमध्ये धरल्या. आठ नंबर चार मिलिमीटर, दहा नंबर सव्वातीन, बारा नंबर पावणेतीनच्या अलीकडे-पलीकडे. म्हणजे तारेचा जुना ब्रिटिश गेजच की! तेच नंबर आपल्या दुकानांतून अजून चालू आहेत. अमेरिकेतले नंबर नेमके याच्या विरुद्ध, तिकडे आकडा वाढला की सुई जाड. म्हणून परदेशी पुस्तकातला नमुना घेतला की नंबर बघायचाच नाही, मिलिमीटर बघायचे.

"अहो, सुया काय मोजताय? स्वतःचा हात मोजा आधी," ही आतून म्हणाली. तिला म्हणायला काय जातं! चाळीस वर्षं विणलेल्या बाईचं बोलणं होतं ते, आणि ते खरंच होतं.

सुया माझ्या हातात आल्या त्या हिच्या मनगटामुळे. डॉक्टरांनी पट्टा बांधला, विणकाम बंद केलं, आणि लेकीच्या बाळंतविड्यातलं टोपडं अर्ध्यावर राहिलं. निवृत्त माणूस घरात रिकामा दिसला की त्याच्या हातात काही तरी देण्यावाचून लोकांना राहवत नाही. मला टोपडं मिळालं.

ज्यांनी कधी सुया धरल्या नाहीत त्यांनी अंगातला बनियन भिंगातून बघावा. शर्टाचं कापड मागावरचं, उभा धागा आणि त्याला काटकोनात आडवा धागा. त्यात ताणायला फारसा वाव नसतो. बनियन, टी-शर्ट, मोजा, स्वेटर यांची जात वेगळी. तिथे धाग्याचा एक फास असतो, त्या फासातून दुसरा फास ओढलेला असतो, त्यातून तिसरा. ताणलं की फास पसरतो, सोडलं की पुन्हा जागेवर येतो. बनियनच्या बाहेरच्या बाजूला इंग्रजी 'व्ही'च्या उभ्या रांगा दिसतील आणि आतल्या बाजूला बारीक बारीक कमानी. बाहेरचा तो सुलट टाका, आतला तो उलट. खरं तर टाका एकच, फक्त बघायच्या बाजू दोन. साऱ्या विणकामाचा संसार या एका टाक्यावर चाललाय.

हे कळलं की बऱ्याच भानगडी उलगडतात. माझ्या पहिल्या मफलरची गुंडाळी होऊन दोरी झाली होती. एक सुई सुलट, एक सुई उलट असं विणलं की समोर सगळे सुलट टाके येतात आणि मागे सगळे उलट. दोन बाजूंचा ताण सारखा राहत नाही, त्यामुळे बाजूच्या कडा मागे वळतात आणि खालची-वरची कड पुढे वळते. कितीही दाबून ठेवा, वळणारच. सगळ्याच सुया सुलट विणल्या तर दोन्ही बाजू सारख्या होतात आणि कापड निमूट सपाट पडतं. मफलर तसाच विणायचा असतो. दोन सुलट-दोन उलट अशी बॉर्डर घातली की सुलट रांगा पुढे येतात, उलट रांगा मागे दबतात, कापड चुण्या पडून आकसतं आणि ओढलं की ऐसपैस होतं. मनगटाला आणि कमरेला ती वीण असते ती त्यासाठी, नक्षी म्हणून नाही.

आता हात मोजायची गोष्ट. जावईबापूंसाठी स्वेटर काढला होता, छातीचा घेर शंभर सेंटिमीटर. नमुन्यात दहा सेंटिमीटरला २२ टाके दिलेले, म्हणून हिशोबाने २२० टाके. लोकर तीच, सुई तीच, चार मिलिमीटरची. पण माझा हात सैल, माझ्या दहा सेंटिमीटरमध्ये २० टाके बसत होते. दोन टाक्यांचा फरक तो काय, असं वाटतं. २२० ला २० ने भागा आणि दहाने गुणा, घेर निघतो ११० सेंटिमीटर. चार बोटं सैल नव्हे, त्यात जावईबापू आणि त्यांची उशी दोघं मावतील. म्हणून आधी वीतभर चौकोन विणायचा, धुवायचा, वाळवायचा, मग पट्टी लावून मधले टाके मोजायचे. जास्त भरले तर सुई जाड घ्यायची, कमी भरले तर बारीक. हा चौकोन विणायचा सगळ्यांना कंटाळा असतो. लेथवर ट्रायल पीस घेतल्याशिवाय शंभर नगांची बॅच सुरू करणारा माणूस मी तरी पाहिला नाही, पण लोकरीच्या बाबतीत भलेभले थेट टाके घालून बसतात.

बरं, चौकोन बरोबर आला म्हणून भागत नाही. हात रोज सारखा नसतो. क्रिकेटची मॅच बघत विणलेल्या ओळी घट्ट येतात. आमच्या घरात एक बिनबाह्यांचा स्वेटर आहे, त्याच्या पाठीवर शेवटच्या पाच षटकांचा पट्टा आजही ओळखू येतो.

तरीही या धंद्यात एक सोय अशी आहे जी मला उभ्या नोकरीत मिळाली नाही. धातू एकदा कापला की गेला. माप उतरलं तर तो जॉब भंगारात. लोकरीचं मात्र टोक धरून ओढा, सगळे फास एकेक करून सुटतात आणि घातली तेवढी लोकर हातात परत येते. फक्त ती कुरळी झालेली असते. खुर्चीच्या पाठीवर तिची लडी घालायची, चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात भिजवायची आणि खाली थोडं वजन अडकवून सावलीत टांगायची. दुसऱ्या दिवशी धागा सरळ. जावईबापूंचा स्वेटर असाच उसवून पुन्हा विणला.

निफाडच्या पुतण्याला वेणीच्या विणीचा स्वेटर हवा होता. त्या पट्ट्यात थंडीच्या दिवसांत पारा इतका उतरतो की द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटवतात, तेव्हा मागणी रास्तच होती. वेणी दिसायला अवघड आणि करायला सोपी. तीन टाके जादा सुईवर काढून पुढे ठेवायचे, पुढचे तीन विणायचे, मग बाजूला ठेवलेले विणायचे. झाला पेड. पण पेड पडला की कापड रुंदीला आवळतं, त्यामुळे साध्या विणीपेक्षा टाके जास्त लागतात आणि लोकरही जास्त खपते. दोन्ही बाह्या राहिल्या असताना लोकर संपली, आणि दुकानात त्याच रंगाच्या गुंड्यांवर लॉट नंबर वेगळा. रंगाच्या एका घाण्यातून निघालेला निळा दुसऱ्या घाण्याशी सहसा जुळत नाही. ट्यूबलाइटखाली फरक कळत नाही, उन्हात लगेच दिसतो. यावर उपाय आहे. जुना गुंडा आणि नवा गुंडा आलटून पालटून दोन-दोन ओळी विणायच्या, म्हणजे फरक एका रेषेवर न राहता विरून जातो. मात्र त्यासाठी जुना गुंडा थोडा तरी शिल्लक हवा. पुतण्या म्हणतो, "काका, बागेत कोण बघतंय बाह्यांचा रंग?"

मोज्याची टाच मात्र नीट सांगितली पाहिजे, कारण इतकी अक्कल लावलेल्या गोष्टी मी कारखान्यातही थोड्याच पाहिल्या. मोठ्या माणसाच्या मोज्याला ६४ टाके धरू. ते चार सुयांवर सोळा-सोळा आणि विणायला पाचवी सुई. वरची नळी गोल गोल उतरत जाते. टाचेपाशी आलं की निम्मे, म्हणजे ३२ टाकेच घ्यायचे आणि पुढे-मागे विणून एक पट्टी काढायची. आता या सपाट पट्टीला काटकोनात वळवायचंय, न कापता आणि न शिवता. त्यासाठी सुई पूर्ण विणायचीच नाही. मध्याच्या जरा पुढे जायचं, दोन टाके एकत्र विणायचे, आणखी एक विणायचा आणि तिथूनच मागे फिरायचं. उलट बाजूनेही तसंच, मध्य ओलांडला की दोन एकत्र, एक जादा, परत फिरायचं. जिथून वळलो तिथे एक फट दिसते. पुढच्या खेपेला त्या फटीच्या दोन्ही बाजूंचे टाके एकत्र विणून ती बुजवायची आणि एक पाऊल पुढे जाऊन वळायचं. मध्यात ओळी जास्त, कडेला कमी, त्यामुळे कापड आपसूक वाटीसारखं फुगतं. ३२ चे १८ टाके उरतात तेव्हा हातात टाच तयार असते. पहिल्यांदा ती वळली तेव्हा मी हिला स्वयंपाकघरातून बोलावून दाखवली. तिने कणकेचे हात न लावता पाहिली आणि म्हणाली, "आता दुसरीही अशीच आली पाहिजे." एक मोजा उत्साहात होतो आणि जोडीचा रखडतो, हे विणणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

याच मोज्यांपायी इंग्लंडमध्ये विल्यम ली नावाच्या पाद्र्याने १५८९ साली विणायचं यंत्र तयार केलं. माणूस सुईवर एका वेळी एक टाका काढतो. ली याने प्रत्येक फासाला स्वतंत्र आकडेदार सुई दिली, म्हणजे अख्खी ओळ एका दमात. राणी एलिझाबेथने त्याला पेटंट दिलं नाही, हाताने मोजे विणणाऱ्यांच्या पोटावर पाय येईल म्हणून, असं सांगतात. बिचारा यंत्र घेऊन फ्रान्सला गेला. लुधियानाचे स्वेटर आणि तिरुपूरचे टी-शर्ट त्याच फासांच्या हिशोबावर निघतात.

उसवून परत मिळत नाही अशी एकच गोष्ट माझ्या हातून विणली गेली. म्हणजे विणली मी, वाट लावली लेकीच्या वॉशिंग मशीनने. निव्वळ मेंढीच्या लोकरीचा तिचा स्वेटर गरम पाण्यात फिरला. लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि सुटत नाहीत. स्वेटरचा बुरणूस झाला. त्यात टाका शोधायला गेलं तर सापडत नाही, कात्री लावली तर धागाही सुटत नाही. त्याची गरम भांड्याखाली ठेवायची आसनं कापली. बाळांच्या कपड्यांसाठी मिळणारी 'लोकर' बहुतेक अॅक्रिलिक असते, ती अशी आटत नाही. तिला भीती इस्त्रीची. कडक इस्त्री फिरली की ती लोळागोळा होते ती कायमची.

धनगरांकडची काळी दख्खनी लोकरही एकदा विणून पाहिली. तिची घोंगडी खड्डामागावर विणतात आणि चिंचोक्याची खळ देऊन कडक करतात. सुयांवरही ती तशीच राकट वागते. बसायचं आसन उत्तम झालं, गळ्याला मात्र कुणी लावू नये.

सध्या घरात प्रश्न नातवाच्या गळ्याचा. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, आणि गळ्याचे टाके घट्ट बंद केले की स्वेटर कपाळावर अडतो. गळा शेवटी विणलेला होता म्हणून तेवढाच उसवला, दोन नंबर जाड सुई घेतली आणि टाके सैल बंद केले. डोकं आता जातं. पण तोवर बाह्या आखूड पडल्या. त्या मनगटाकडून खांद्याकडे विणलेल्या. विणकाम जिथे बंद केलं त्या टोकाकडून सरसर उसवतं, जिथे टाके घातले तिकडून अडतं, त्यामुळे मनगटाशी वाढवायला जागा नाही. अमेरिकेतल्या बार्बरा वॉकर यांनी १९७२ साली गळ्यापासून खाली विणायच्या पद्धतीवर एक अख्खं पुस्तकच लिहिलंय. तसं केलं की दरवर्षी बाहीचं टोक उसवून चार बोटं वाढवता येतं. नव्या स्वेटरचे टाके मी गळ्याकडून घातलेत. हिचं मत, लोकर दोन गुंडे जास्त आणून ठेवावी, त्याच लॉटची.