'हार्ड' की 'हार्डली'? एका 'ली'पायी जाणारे गुण असे वाचवा

यवतमाळ : 'ही वर्क्स हार्डली' याचा अर्थ काय? 'तो खूप मेहनत करतो' असं उत्तर डोक्यात आलं असेल, तर थांबा. अर्थ जवळपास उलटा आहे : 'तो जेमतेमच काम करतो.' यवतमाळ, पुसद, वणीच्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मराठी माध्यमाच्या उमेदवारांना विशेषण आणि क्रियाविशेषणाचा हा फरक सहज चकवू शकतो. एमपीएससीच्या गट-ब आणि गट-कच्या मुख्य परीक्षेत इंग्रजी व्याकरण विचारलं जातं आणि चुकलेल्या उत्तराचे गुणही कापले जातात.

गोंधळ का होतो?

मराठीत बऱ्याचदा एकच शब्द दोन्ही कामं करतो. 'मस्त मॅच' आणि 'मस्त खेळला', 'चांगला मुलगा' आणि 'चांगला खेळतो'. इंग्रजीत मात्र मुलगा 'गुड' असतो आणि तो खेळतो 'वेल'. 'ही प्लेज गुड' हे परीक्षेत चूकच धरलं जातं.

ओळखायचं कसं?

शब्द कोणाबद्दल सांगतो, ते पाहा. नामाबद्दल सांगत असेल तर विशेषण. क्रिया कशी घडली हे सांगत असेल तर क्रियाविशेषण. आपण 'सावध'चं 'सावधपणे' करतो, तसंच इंग्रजीत 'केअरफुल'चं 'केअरफुली' होतं.

'ली' कुठे फसवतं?

- 'हार्ड' आणि 'फास्ट' दोन्हीकडे तसेच राहतात. 'फास्टली' वापरत नाहीत.
- 'लेट' म्हणजे उशिरा, 'लेटली' म्हणजे अलीकडे.
- 'फ्रेंडली', 'लव्हली' यांच्या शेवटी 'ली' असलं तरी ती विशेषणं आहेत.

दिसणं, लागणं, वाटणं

'संत्रं गोड लागतं' याचं इंग्रजी 'द ऑरेंज टेस्ट्स स्वीट', 'स्वीटली' नाही. कारण गोडी संत्र्याची आहे. अशा वेळी क्रियापदाच्या जागी 'इज' ठेवून पाहा. अर्थ टिकला, तर विशेषण घ्या. 'शी लुक्ड अँग्रिली ॲट हिम' मध्ये मात्र 'इज' बसत नाही. तिथे बघण्याची रीत सांगितली आहे, म्हणून 'अँग्रिली'.

थोडक्यात, पर्यायांमध्ये 'ली' शोधण्याआधी शब्द कोणाचा, हे विचारा. परीक्षेत चूक एका प्रश्नापुरती असते. मुलाखतीत 'आय वर्क हार्डली' म्हटलं, तर आपणच आपल्याला कामचुकार म्हटल्यासारखं होईल.